लोकांनीं राखिलेला हक्क



मीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत इतिहास व नागरिकशास्त्र हे विषय शिकविले. त्या अवधींत मुलांनीं विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांत होतीं. तीं मीं दिलीं आणि विसरून गेलों. एक प्रश्न मात्र माझ्याबरोबरच सेवानिवृत्त होऊन घरीं आला आहे. एके दिवशीं "लोकशाही म्हणजे लोकांचें राज्य" असें मीं फळ्यावर लिहिलें, तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, राज्य जर लोकांचें, तर आमदारांनीं लोकांना नको असलेला कायदा केला म्हणजे लोकांनीं काय करायचें?" मीं पुस्तकी उत्तर दिलें, "पांच वर्षें थांबायचें आणि दुसरा आमदार निवडायचा." "आणि तोंवर?" तिनें विचारलें. तेवढ्यांत तासाची घंटा झाली, आणि खरें सांगावयाचें तर घंटा झाली म्हणून मला बरें वाटलें.

पुष्कळ गोष्टींना पांच वर्षें थांबतां येतें. रस्ता उशिरा झाला तरी चालतो, कर उशिरा कमी झाला तरी माणूस जगतो. परंतु कांहीं गोष्टींचा काळ निसर्गानेंच ठरवून दिलेला असतो. जिला दिवस गेले आहेत आणि त्या गर्भामुळें जिचा जीव, जिचें शरीर किंवा जिचा संसार संकटांत सांपडला आहे, त्या स्त्रीला "पुढच्या निवडणुकीपर्यंत थांब" असें कोणी सांगावें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. २०२२ नंतर नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि तेथील कांहीं राज्यांतील सामान्य नागरिकांनीं, विधिमंडळाची वाट न पाहतां, त्याचें उत्तर स्वतःच दिलें. तें उत्तर कोणत्या हत्यारानें दिलें, आणि तें हत्यार कोठें पुरें पडलें व कोठें तोकडें पडलें, हें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

आधीं हत्यार ओळखून घेऊं. इंग्रजींत त्यास 'इनिशिएटिव्ह' म्हणतात. आपण सोईसाठीं त्यास लोकोपक्रम म्हणूं. कायद्याचा किंवा राज्याच्या घटनेंतील दुरुस्तीचा मसुदा नागरिकांनीं स्वतः लिहावयाचा. ठरीव संख्येइतक्या मतदारांच्या सह्या त्यावर घ्यावयाच्या. सह्यांची तपासणी झाली म्हणजे तो मसुदा मतदानास ठेवावयाचा. आणि आवश्यक तितकीं मतें पडलीं कीं तो कायदा झाला. जेथें घटनादुरुस्ती अशा रीतीनें थेट लोकांपुढें नेतां येते, तेथें विधिमंडळाची संमति लागत नाहीं कीं गव्हर्नरची सही लागत नाहीं. याचेंच भावंड म्हणजे 'रेफरेंडम'. त्यांत विधिमंडळानें केलेला कायदा लोक सह्या गोळा करून मतदानास ओढून आणतात, आणि तो ठेवावयाचा कीं मोडावयाचा हें ठरवितात.

हा प्रकार आपल्याकडे अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. महाराष्ट्रांत दारूचें दुकान बंद व्हावें म्हणून स्त्रियांना मतदान मागतां येतें. चौथा हिस्सा स्त्रीमतदारांनीं सह्या करून अर्ज करावा, मग मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशीं दोन चित्रें यावीं, आणि स्त्रियांनीं आपल्या मनाप्रमाणें शिक्का मारावा. असें एक मतदान एका खेड्यांत मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. आडव्या बाटलीवर शिक्क्यांचा ढीग पडला. उभ्या बाटलीला मोजकीच मतें मिळाली. आणि तरीही दुकान चालूच राहिलें! कारण नियम असा कीं, आलेल्या मतांच्या नव्हे, तर यादींतील एकंदर स्त्रीमतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं पाहिजेत. ज्या बायका मजुरीसाठीं परगांवीं गेल्या होत्या, त्या सर्व जणूं दुकानदाराच्याच बाजूनें मोजल्या गेल्या. मताला जितकें महत्त्व, तितकेंच मत मोजण्याच्या नियमालाही असतें, हा धडा मला त्या दिवशीं मिळाला. पुढील सर्व कथेंत श्रोत्यांनीं तो ध्यानांत ठेवावा.

लोकोपक्रमाची कल्पना अमेरिकेंत स्वित्झर्लंडमधून आली. त्या डोंगराळ देशांत लोकांनीं कायद्यावर प्रत्यक्ष मत देण्याची चाल जुनी, आणि १८९१ सालीं संघराज्याच्या घटनेंत दुरुस्ती सुचविण्याचा हक्कही तेथील नागरिकांस मिळाला. अमेरिकेंत तो काळ रेल्वे कंपन्या व मोठमोठे भांडवलदार यांच्या वर्चस्वाचा होता. आमदार आपले राहिले नाहींत, ते कंपन्यांचे झाले, अशी शेतकऱ्यांची व कामकऱ्यांची तक्रार होती. तेव्हां स्विस लोकांचें हें साधन आपल्याकडे आणावें अशी चळवळ सुरू झाली. १८९८ सालीं साउथ डाकोटा या राज्यानें तें प्रथम स्वीकारलें. १९०२ सालीं ऑरेगॉननें त्याचें अनुकरण केलें. आज पन्नासांपैकीं सुमारें निम्म्या राज्यांत लोकोपक्रमाचा हक्क कोणत्या ना कोणत्या स्वरूपांत आहे. उरलेल्या राज्यांत तो नाहीं.

आपल्या कथेचें मुख्य स्थान जें ओहायो राज्य, तेथें १९१२ सालीं घटना सुधारण्यासाठीं परिषद भरली. सिनसिनाटीचे धर्मोपदेशक हर्बर्ट बिगेलो हे तिचे अध्यक्ष होते. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्या परिषदेपुढें भाषण करून लोकोपक्रमाचा पुरस्कार केला. सप्टेंबर महिन्यांत परिषदेच्या सूचना मतदानास पडल्या आणि ओहायोच्या मतदारांनीं लोकोपक्रमाचा हक्क घटनेंत घातला. परंतु त्याच दिवशीं, त्याच मतदारांपुढें आणखीही एक सूचना होती : स्त्रियांस मताधिकार द्यावा. ती त्यांनीं फेटाळली! दोन वर्षांनीं स्त्रियांच्या मताधिकारवाद्यांनीं याच नव्या हत्याराचा उपयोग करून, सह्या गोळा करून, तो प्रश्न पुन्हां मतदानास आणला. पुरुष मतदारांनीं पुन्हां नकार दिला. १९१७ सालीं तर विधिमंडळानें स्त्रियांस राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपुरतें मत दिलें असतां, विरोधकांनीं सह्या गोळा करून तो कायदाच लोकमतानें मोडून काढला. स्त्रियांस मत मिळालें तें शेवटीं १९२० सालीं, साऱ्या देशाच्या घटनेंत दुरुस्ती झाली तेव्हां.

ही हकीकत मी मुद्दाम सांगत आहें. लोकोपक्रम हें साधन स्वभावतः पुरोगामी आहे, असा समज कोणी करून घेऊं नये. सुरीला जशी भाजी आणि बोट यांतील भेद कळत नाहीं, तसाच सह्यांच्या कागदालाही न्याय आणि अन्याय यांतील भेद कळत नाहीं. तो भेद सही करणाऱ्यानें जाणावयाचा असतो.

आतां गर्भपाताच्या कायद्याकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेंतील बहुतेक सर्व राज्यांनीं गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. कायद्यानें गर्भपात थांबला नाहीं; तो फक्त अंधाऱ्या खोल्यांत गेला. पैसेवाल्या स्त्रीला भला डॉक्टर भेटे, गरीब स्त्रीला मिळेल ती वाट धरावी लागे. १९७२ सालीं मिशिगन राज्यांत ही बंदी सैल करणारा लोकोपक्रम मतदानास आला. त्यास शेंकडा सुमारें ६१ मतें विरुद्ध पडलीं. पुढच्याच वर्षीं, २२ जानेवारी १९७३ रोजीं, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें 'रो विरुद्ध वेड' या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, गर्भ मातेच्या उदराबाहेर जगूं शकेल इतका वाढण्यापूर्वीं गर्भपात करावा कीं न करावा हें ठरविण्याचा हक्क स्त्रीस देशाच्या घटनेनेंच दिला आहे.

जवळजवळ पन्नास वर्षें हा निर्णय टिकला, परंतु वाद मिटला नाहीं. गर्भांतील जीव हा पूर्ण मनुष्य आहे, त्याचा घात करण्याचा अधिकार कोणासही नाहीं, असें अमेरिकेंतील लक्षावधि लोक मनापासून मानतात. त्यांना दांभिक म्हणणें अन्यायाचें होईल. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, गर्भ वाढतो तो एका जिवंत स्त्रीच्या देहांत, आणि त्या देहावरील अंतिम शब्द तिचाच असला पाहिजे. या झगड्यांत लोकोपक्रमाचें पहिलें घर जें साउथ डाकोटा, तेथें २००६ सालीं विधिमंडळानें जवळजवळ संपूर्ण बंदीचा कायदा केला. नागरिकांनीं सह्या गोळा करून तो मतदानास आणला आणि शेंकडा सुमारें ५६ मतांनीं मोडला. पुढें काय घडणार आहे त्याची ही चुणूकच होती.

२४ जून २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'डॉब्स' खटल्यांत १९७३ चा निर्णय रद्द केला. हा प्रश्न देशाच्या घटनेचा नाहीं, तो लोकांनीं व त्यांच्या प्रतिनिधींनीं ठरवावा, असें न्यायालय म्हणालें. तेरा राज्यांनीं असा दिवस उगवेल या अपेक्षेनें बंदीचे कायदे आधींच करून ठेविले होते. ओहायोंत २०१९ सालीं केलेला कायदा न्यायालयाच्या मनाईमुळें निजून होता. तो त्याच दिवशीं जागा झाला. गर्भाच्या हृदयाचें स्पंदन कळूं लागलें कीं, म्हणजे सुमारें सहा आठवड्यांनीं, गर्भपातास बंदी. सहा आठवडे म्हणजे पुष्कळ स्त्रियांना आपणांस दिवस गेले आहेत हें पुरतें कळण्याचाही काळ नव्हे. बलात्कारासाठींही अपवाद नव्हता. त्या उन्हाळ्यांत ओहायोंतील दहा वर्षांच्या एका मुलीला, जी अत्याचारास बळी पडून गर्भवती झाली होती, शेजारच्या इंडियाना राज्यांत न्यावें लागलें. ही बातमी खोटी आहे असें म्हणणारेही निघाले. पण ती खरी होती, आणि पुढें अपराध्यानें आपला गुन्हा न्यायालयांत कबूल केला. दहा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्याकडील चौथीपांचवीच्या वर्गांतली. मी शिक्षक असल्यामुळें तें वय माझ्या डोळ्यांपुढें लगेच उभें राहतें. त्याहून अधिक बोलवत नाहीं.

न्यायालय म्हणालें, लोकांनीं ठरवावें. मिशिगनच्या लोकांनीं तो शब्द उचलून धरला. त्या राज्यांत १९३१ सालचा जुना फौजदारी कायदा पुन्हां लागूं होण्याची धास्ती होती. नागरिकांनीं घटनादुरुस्तीचा मसुदा केला. सुमारें सव्वाचार लाख सह्या आवश्यक असतां साडेसात लाखांहून अधिक सह्या त्यांनीं भरून दिल्या. तेव्हां विरोधकांनीं एक हरकत काढली, ती ऐकून कोणाही शाळामास्तरास मौज वाटेल. अर्जाच्या छपाईंत कांहीं ठिकाणीं शब्दांमधील मोकळी जागा पडली नव्हती; शब्द एकमेकांस चिकटून गेले होते. म्हणून म्हणे हा मसुदा मसुदाच नव्हे! तपासणी मंडळाच्या चार सभासदांत दोन विरुद्ध दोन अशी बरोबरी होऊन प्रस्ताव अडकला. शेवटीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयास आज्ञा करावी लागली कीं, हा प्रश्न लोकांपुढें ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्यें शेंकडा सुमारें ५७ मतांनीं दुरुस्ती संमत झाली. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या मिशिगननें नाहीं म्हटलें होतें, त्यानेंच आतां होय म्हटलें. माणसें मत बदलतात. विचारण्याची सोय मात्र पाहिजे.

आतां ओहायो. तेथील डॉक्टरांनीं स्थापन केलेली एक संस्था आणि स्त्रियांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था यांनीं एकत्र येऊन २०२३ च्या आरंभीं मसुदा तयार केला. गर्भनिरोध, अपत्यप्राप्तीचे उपचार, गर्भ राखणें, आपोआप गर्भपात झाल्यास त्यावरील उपचार, आणि गर्भपात, या सर्वांविषयींचा निर्णय ज्याचा त्यानें घ्यावा. गर्भ बाहेर जगूं शकेल इतका वाढल्यावर राज्याला बंदी करतां यावी, मात्र स्त्रीच्या जीवास किंवा आरोग्यास धोका आहे असें तिच्या डॉक्टरचें मत असल्यास तेव्हांही नाहीं. असा त्याचा आशय. ओहायोच्या घटनेप्रमाणें मागील गव्हर्नरच्या निवडणुकींतील मतांच्या शेंकडा दहा इतक्या, म्हणजे चार लाख तेरा हजारांवर, वैध सह्या हव्या होत्या. त्याही अठ्ठ्याऐंशी काउंट्यांपैकीं निदान चव्वेचाळीस काउंट्यांतून. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. सही घेणाऱ्यानें सही डोळ्यांदेखत झालेली पाहिली पाहिजे. चार महिन्यांहून कमी अवधि होता. कोणी पगारी, कोणी स्वयंसेवक, अशीं माणसें कागदाची पाटी हातांत धरून दारोदार, बाजारोबाजार हिंडलीं. ५ जुलै रोजीं सात लाखांहून अधिक सह्या सादर झाल्या. तपासणीअंतीं त्यांपैकीं सुमारें चार लाख पंचाण्णव हजार वैध ठरल्या.

हे कागद भरत असतांनाच विधिमंडळांतील बहुमतवाल्यांनीं एक डाव टाकला. प्रस्तावाशीं लढण्याऐवजीं त्यांनीं नियमाशींच लढावयाचें ठरविलें. १९१२ पासून ओहायोंत घटनादुरुस्तीस निम्म्याहून एक मत अधिक पडलें कीं पुरे होई. त्याऐवजीं यापुढें शेंकडा साठ मतें लागावीं, आणि सह्या अठ्ठ्याऐंशींपैकीं प्रत्येक काउंटींतून आणाव्या, असा बदल त्यांनीं सुचविला. एखादी काउंटी हटून बसली तर सारें राज्य अडावें, अशी ही योजना. आणि हा बदल मतदानास केव्हां ठेवावा? ऑगस्टमध्यें! ज्या विधिमंडळानें कांहीं महिन्यांपूर्वींच, ऑगस्टच्या मतदानाला लोक येत नाहींत व खर्च वायां जातो म्हणून, तशीं बहुतेक मतदानें कायद्यानें बंद केलीं होतीं, त्यानेंच हें मतदान ऑगस्टमध्यें बोलाविलें. हें सर्व नोव्हेंबरांतील गर्भपाताच्या प्रस्तावासाठींच आहे, असें निवडणूक खात्याचे प्रमुख फ्रँक लारोझ यांनीं एका सभेंत बोलूनही दाखविलें.

लोक येणार नाहींत ही अटकळ चुकली. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं तीस लाखांहून अधिक मतदार आले, आणि शेंकडा सत्तावन्न मतांनीं त्यांनीं नियमबदल फेटाळला. त्या दिवशीं नाहीं म्हणणाऱ्यांत गर्भपाताविषयीं अनुकूल नसलेलेही लोक होते. त्यांचें म्हणणें साधें होतें : आमच्या आजोबांनीं मिळविलेला हक्क आमच्याकडूनच मत घेऊन आमच्या हातून काढून घेऊं नका. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत मोठा दिवस तोच. नोव्हेंबरांत हक्क मिळाला खरा, पण तो ऑगस्टांत राखला गेला.

नोव्हेंबरपूर्वींही एक झटापट झालीच. मतपत्रिकेवर मूळ मसुद्याऐवजीं त्याचा सारांश छापावयाचा होता. सारांश करणाऱ्या मंडळानें 'गर्भ' हा शब्द काढून 'न जन्मलेलें मूल' असे शब्द घातले. मुलांचें व्याकरण तपासतांना मी नेहमीं सांगत असें कीं, शब्द बदलला म्हणजे अर्थ बदलतो. येथें तर अर्थ बदलावा म्हणूनच शब्द बदलला होता. तरीही ७ नोव्हेंबर २०२३ रोजीं शेंकडा ५६.८ मतांनीं दुरुस्ती संमत झाली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत न्यायालयानें, या दुरुस्तीच्या आधारें, सहा आठवड्यांच्या बंदीचा कायदा रद्द ठरविला.

५६.८ हा आंकडा आपण क्षणभर लक्षांत ठेवा, आणि माझ्याबरोबर दक्षिणेकडे फ्लॉरिडा राज्यांत चला. तेथेंही १ मे २०२४ पासून सहा आठवड्यांची बंदी लागूं झाली होती. तेथेंही नागरिकांनीं जवळजवळ दहा लाख वैध सह्या जमविल्या. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं मतदान झालें. अनुकूल मतें पडलीं शेंकडा ५७.२; म्हणजे ओहायोहून किंचित् अधिकच. आणि प्रस्ताव पडला! कारण फ्लॉरिडाच्या घटनेप्रमाणें शेंकडा साठ मतें लागतात. ही अट तेथें २००६ सालीं घातली गेली, आणि ती घालणाऱ्या प्रस्तावास स्वतःला मतें मिळालीं होतीं शेंकडा ५८ च्याही आंत. जो नियम स्वतःच्या कसोटीस उतरला नसता, त्यानें अठरा वर्षांनीं बहुमताला हरविलें. ओहायोंतील स्त्रीला हक्क आहे आणि फ्लॉरिडांतील स्त्रीला नाहीं. याचें कारण दोन्हीकडील लोकांच्या मनांत नाहीं, तें केवळ नियमांत आहे. उभी बाटली आणि आडवी बाटली मला आठवली ती येथें.

त्याच दिवशीं इतर अनेक राज्यांतही या विषयावर मतदान झालें. ॲरिझोनांत १८६४ सालचा, म्हणजे तें राज्य संघांत येण्याच्याही आधींचा, कायदा न्यायालयानें त्याच वर्षीं वैध ठरविला होता. विधिमंडळानें तो घाईनें रद्द केला, आणि लोकांनीं शेंकडा ६१ हून अधिक मतांनीं घटनेंतच हक्क घातला. मिझूरी राज्यांत, जेथें संपूर्ण बंदी होती, शेंकडा ५१.६ अशा निसटत्या बहुमतानें ती उठली. उलट साउथ डाकोटानें, ज्यानें २००६ सालीं बंदी मोडली होती, हक्क देणारा प्रस्ताव मोठ्या बहुमतानें नाकारला. नेब्रास्कांत तर दोन्ही पक्षांनीं आपापले सह्यांचे कागद भरून दोन प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर आणले, आणि पहिल्या तीन महिन्यांनंतरची बंदी घटनेंत घालणारा प्रस्ताव जिंकला. सुरी आणि बोट यांविषयीं मीं मघाशीं बोललों, तें याचसाठीं.

जिंकलेलें सुद्धां कायमचें जिंकलें असें नसतें. मिझूरीच्या विधिमंडळानें २०२५ सालींच लोकांची ही दुरुस्ती रद्द करणारा प्रस्ताव संमत केला आणि तो २०२६ च्या मतदानास ठेवण्याचें ठरविलें. आणि ज्या इंडियानांत ओहायोच्या त्या मुलीला आश्रय मिळाला, तेथें २०२३ पासून जवळजवळ संपूर्ण बंदी आली. तेथील नागरिकांना मसुदा लिहून सह्या गोळा करतां येत नाहींत; कारण इंडियानाच्या घटनेंत लोकोपक्रमाचा हक्कच नाहीं. टेक्सासमध्यें नाहीं, टेनेसीमध्यें नाहीं. त्या राज्यांतील स्त्रीला माझें जुनें पुस्तकी उत्तरच लागूं : थांबा आणि दुसरा आमदार निवडा.

आपल्या देशांत हा हक्क निराळ्या वाटेनें आला. महाराष्ट्राचे त्या वेळचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ सालीं एक समिति नेमली गेली. असुरक्षित गर्भपातानें मरणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न तिच्यापुढें होता. तिच्या अहवालावरून संसदेनें १९७१ सालीं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला, म्हणजे 'रो' खटल्याच्या निर्णयाच्याही आधीं. २०२१ सालीं त्यांत सुधारणा होऊन ठराविक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली. आणि अमेरिकेंतील 'डॉब्स' निर्णयानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं, २९ सप्टेंबर २०२२ रोजीं, आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ती मुभा विवाहित व अविवाहित स्त्रियांस सारखीच आहे असें सांगितलें. यासाठीं आपल्यांतील कोणीं उन्हांत कागद धरून सह्या मागितल्या नाहींत. तो आपणांस घरबसल्या मिळाला. घरबसल्या मिळालेल्या वस्तूचें एक दुर्दैव असतें : ती आपल्यापाशीं आहे हेंच पुष्कळांना ठाऊक नसतें, आणि ती गेली तर गेल्याचें लवकर कळत नाहीं. आपल्या घरांतील किती लेकीसुनांना हा कायदा ठाऊक आहे, हें श्रोत्यांनीं आज घरांतच विचारून पाहावें.

लोकोपक्रमानें सर्व प्रश्न सुटतात असें माझें म्हणणें नाहीं. ज्या हक्कावर दर दोन वर्षांनीं मतदान होतें, तो हक्क कीं जुगार, असें कोणी विचारलें तर त्याला माझ्यापाशीं चटकन् देण्याजोगें उत्तर नाहीं. दोन्ही पक्षांकडून त्यांत लक्षावधि डॉलर ओतले जातात, हेंही खरें आहे. परंतु न्यायालयानें हात काढून घेतला आणि विधिमंडळानें पाठ फिरविली, तेव्हां ओहायोच्या व मिशिगनच्या लोकांपाशीं निदान एक कागद होता, आणि तो कागद शंभर वर्षांपूर्वींच्या लोकांनीं त्यांच्यासाठीं घटनेंत ठेविला होता. ज्यांनीं ठेविला त्यांना तो कशाच्या कामीं येईल याची कल्पनाही नव्हती. त्या दिवशीं तर त्यांनीं स्त्रियांना मत देण्यासही नकार दिला होता. तरी त्यांच्या नातींना व पणतींना तो उपयोगीं पडला.

माझी ती विद्यार्थिनी आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. तिला एव्हांना मुलें असतील. ती हें भाषण ऐकत असेल तर तिला मला इतकेंच सांगावयाचें आहे : बाळ, घंटा झाली म्हणून तुझा प्रश्न त्या दिवशीं राहून गेला. "तोंवर काय करायचें?" असें तूं विचारलें होतेंस. तोंवर, राज्याच्या नियमांत आपल्यासाठीं कोणतें दार ठेविलेलें आहे तें शोधायचें. नसेल तर मागायचें. असेल तर तें कोणी हळूच लावून घेत नाहीं ना, इकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचें. कारण दार शाबूत असलें, तर आज ना उद्यां त्यांतून आंत जातां येतें.